आधी आपलं ताट, मग मुलाचं: गावातल्या मुस्लिम घरात मुलांना खाण्याच्या चांगल्या सवयी लावताना

तीन वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि माझ्या मोठ्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघालं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मला ते पटेचना. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या मिस्टरांचं किराणा दुकान आहे, घरी दोन्ही वेळा चूल पेटते, शुक्रवारी मटण नाहीतर अंडी होतात. खायला कमी नाही, मग रक्त काहून कमी? डॉक्टरबाईंनी एकच विचारलं, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत तिनं काय काय खाल्लं, ते सांगा." मी सांगायला लागले आणि अर्ध्यातच गप्प झाले. सकाळी चहा-टोस्ट. मस्जिदीतून अरबी पढून येताना दुकानातला मसालेदार खाऊचा पुडा. शाळेत खिचडी, तीही अर्धी ठेवलेली. चार वाजता पुन्हा चहा-बिस्किटं. रात्री चतकोर भाकर आणि रश्श्यातला आलू. भाजी कुठंच नव्हती.

त्या दिवसभरात हराम मात्र काहीच नव्हतं. कुरआनातल्या सूरह बकराच्या 168व्या आयतीत अल्लाह सगळ्या माणसांना सांगतो की जमिनीवरचं जे हलाल आणि तय्यब आहे, ते खा. हलाल म्हणजे ज्याची परवानगी आहे ते. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगलं, जिवाला मानवणारं. आपल्या घरांमधून पहिला शब्द डोळ्यांत तेल घालून सांभाळला जातो. कोंबडी कुणी कापली, कशी कापली, हे आपण दहादा विचारतो. दुसरा शब्द त्याच आयतीत शेजारी आहे आणि तो माझ्याच घरात राहून गेला होता.

सवय लावायची तर सुरुवात कुठून करायची, हे मला हदीसमधल्या, म्हणजे पैगंबरांच्या (स.) बोलण्या-वागण्याच्या नोंदींमधल्या, दोघांवरून उमगलं. पहिला उमर बिन अबी सलमा, पैगंबरांच्या (स.) घरात वाढलेला त्यांचा सावत्र मुलगा. जेवताना याचा हात सगळ्या ताटभर फिरायचा. पैगंबर (स.) त्याला म्हणाले: मुला, अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा आणि तुझ्या समोरचं खा. एवढंच. पुढं तो स्वतः सांगतो की त्यानंतर माझी जेवायची रीत तीच राहिली. दुसरे हजरत अनस (र.), जे दहाव्या वर्षाच्या आसपास पैगंबरांच्या (स.) सेवेत आले. एका शिंप्यानं जेवायला बोलावलं होतं. जवाची रोटी आणि दुधी व वाळवलेलं मांस घातलेला रस्सा होता. पैगंबर (स.) ताटाच्या कडेकडेनं दुधीच्या फोडी शोधून खाताहेत, हे अनस यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांना दुधी आवडायला लागला. "दुधी खा, चांगला असतो" असं त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं. या दोन्ही हदीस बुखारी या हदीस-संग्रहात आहेत.

मी यातून असं घेतलं की अदब, म्हणजे जेवायची रीत, तोंडानं सांगावी, तीही तीन वाक्यांत. आवड मात्र आपल्या ताटातून दिसावी लागते. घरोघरी चालतं ते उलट. अदब सांगायची राहते आणि भाजीवर अर्धा तास भाषण होतं. खालच्या पायऱ्या मी याच क्रमानं आमच्या घरी चढले. सगळं एका दिवशी बदलायला गेलात तर पोट्टे बंड करतील आणि सासूबाईही.

पहिला आठवडा: काही बदलू नका, लिहा

शाळेच्या जुन्या वहीत आठ दिवस प्रत्येक मुलाचं खाणं लिहा. घोटभर चहा, दुकानातली गोळी, शेजारून मिळालेला पापड, सगळं. मुलांना टोकू नका. आठव्या दिवशी तीन गोष्टी मोजा: चहा किती वेळा झाला, पुडे किती झाले, आणि हिरवी भाजी, डाळ किंवा अंडं किती वेळा पोटात गेलं. आमच्याकडे आठवड्यात धाकट्याचे अकरा पुडे निघाले. त्याच्या अब्बूंना तो आकडा दाखवला, तेव्हा पुढचं सगळं सोपं झालं.

दुसरा आठवडा: एक वेळचा दस्तरखान

दिवसातून एकदा सगळ्यांनी खाली दस्तरखान अंथरून एकत्र बसायचं. आमच्याकडे मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज झाली की बसतो. इशापर्यंत (रात्रीच्या नमाजेपर्यंत) थांबलं तर लहानगं झोपून जातं. मोबाईल आणि टीव्ही बंद. अब्बूही बसले पाहिजेत, दुकान पंधरा मिनिटं बंद राहिलं तरी चालेल. शेतातून उशिरा येणाऱ्या घरांनी सकाळची न्याहारी धरावी. वेळ कोणतीही असो, रोज तीच असावी.

हात साबणानं धुवायचे. नुसतं पाण्यात बुडवलेलं चालत नाही, कारण मातीत खेळलेल्या हातातूनच जंत पोटात जातात आणि जंत झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका.

मग उमर बिन अबी सलमांच्या त्या तीनच गोष्टी. तीन वर्षांच्या मुलाला फक्त बिस्मिल्लाह. चार-पाच वर्षांच्याला उजवा हात. सहा वर्षांच्याला आपल्या समोरचं खाणं. सुरुवातीला बिस्मिल्लाह विसरलं तर मधेच "बिस्मिल्लाही अव्वलहू व आखिरहू" (सुरुवातीला आणि शेवटीही अल्लाहच्या नावानं) म्हणायला शिकवा. मुलांना ती आठवण करून देण्यात मोठी मजा वाटते, मग ती आपल्यालाही टोकतात. टोकू द्या. मूल डावखुरं असेल तर हातावर फटका मारू नका. घास तेवढा प्रेमानं उजव्या हातात द्या आणि लिहिण्याचा हात त्याचा त्याला ठरवू द्या. उजव्या हाताला काही अधूपणा असेल तर त्याच्यावर ही सक्तीच नाही.

दस्तरखानावर मोठ्यांसाठी एकच नियम, पण तो कडक: भाजी बाजूला सारायची नाही. माझे मिस्टर लहानपणापासून दुधी बाजूला काढत आले होते. मी त्यांना हजरत अनस यांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "तुमच्या ताटात पोराचं लक्ष असतं." त्यांनी महिनाभर न बोलता दुधी खाल्ला. आता धाकटा रश्श्यातून दुधीच्या फोडी शोधतो. माझं काम निम्मं झालं ते त्या महिन्यात.

दुकान, पुडा आणि पाच रुपये

पुड्यावरचा हिरवा ठिपका तो शाकाहारी असल्याचं सांगतो. आपण तो पाहतो आणि निश्चिंत होतो. तो तय्यब आहे का, हे मात्र मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. घटकांच्या यादीत ज्याचं वजन सर्वात जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या दोन-तीन नावांत तेल किंवा साखर दिसली तर समजून घ्या. पाचवी-सहावीतल्या मुलाला ही यादी वाचायला लावा, ते स्वतःच चकित होतं. जेली आणि मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन असू शकतं, ते बहुतेक वेळा जनावरांपासून बनतं. तिथं ठिपका तपासाच आणि शंका असली तर सोडून द्या.

पूर्ण बंदी मी केली नाही. बंदी घातली की मूल मित्राच्या पुड्यात हात घालतं आणि आपल्याशी खोटं बोलायला शिकतं. आमच्याकडे पुडा जुम्याच्या (शुक्रवारच्या) दिवशी, एक, दस्तरखानावर, भावंडांत वाटून. दुकानात पुड्यांच्या माळा होत्या त्या वर सरकवल्या आणि मुलांच्या डोळ्यांसमोर फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, गुडदाणी यांच्या बरण्या ठेवल्या. विक्री थोडी घटली. माझ्या मिस्टरांनी ती घट मनापासून सोसली, आणि दुसऱ्यांच्या लेकरांनाही आपण काय विकतो याचा जाब द्यावा लागेल, असं ते म्हणाले.

वेचणीच्या दिवसांतली दुपार

आपल्याकडे खरी अडचण इथं आहे, म्हणून यावर जरा थांबते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी चालते. आई सकाळी आठला वावरात जाते ती दिवस मावळता येते. मागं राहिलेल्या मुलाच्या हातात पाच-दहा रुपये दिले जातात, कारण दुसरं काही सुचत नाही. तिला दोष देऊन उपयोग नाही. तिच्या हातात वेळ नाही, म्हणून वेळ आदल्या दिवशी काढायचा.

वेचणीला सुट्टी असते त्या दिवशी तीन डबे भरून ठेवा. एकात ज्वारीच्या लाह्या किंवा मुरमुरे, फुटाणे आणि शेंगदाणे एकत्र केलेले. दुसऱ्यात तीळ-गूळ किंवा शेंगदाणा-गुळाचे लाडू. तिसऱ्यात जवसाची चटणी. सकाळच्या भाकरी टोपल्यात गुंडाळून ठेवायच्या, दोन अंडी उकडून जाळीच्या झाकणाखाली, आणि संत्री मुलाच्या हाताला येतील अशी. आपल्या वऱ्हाडात हिवाळ्यात संत्री, बोरं, सीताफळं, वावरातले हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा असतात. दहा रुपयांत यातलं जे येतं ते कुठल्याच पुड्यात येत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि आमच्या गावात अंडं पुड्यापेक्षा फार महाग नाही.

डबा मोठ्या भावंडाच्या ताब्यात द्या आणि त्याला सांगा की आधी लहान्याला द्यायचं, मग आपण घ्यायचं. दोघांचं जेवण तिघांना पुरतं आणि तिघांचं चौघांना, ही हदीस माझ्या मुलीला पाठ आहे. डबा सांभाळायला लागल्यापासून तिला तिचा अर्थही कळला.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बी असलेला खजूर किंवा बोरं देऊ नका. घशात अडकून जीव जाऊ शकतो. त्याच्यासाठी शेंगदाण्याचा कूट, मऊ लाडू किंवा केळं ठेवा.

चहा

मुलीचं रक्त कमी होण्याचं मोठं कारण हे होतं. चहातले घटक अन्नातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाहीत, आणि आपण मुलांना भाकरसुद्धा चहात बुडवून देतो. दूध जास्त घातल्यानं चहाचं दूध होत नाही. पहिले पंधरा दिवस कप अर्धा करा, मग सकाळचा बंद करा, मग चारचा. त्या जागी गूळ घातलेलं दूध, ताक, ज्वारीच्या पिठाची आंबील द्या. मोठ्यांनी जेवणाच्या तासभर आधी-नंतर चहा घेऊ नये. आणि पालेभाजीवर किंवा डाळीवर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबू, संत्रं, आवळा यांमुळे तेच लोह जास्त अंगी लागतं.

भाजी नको म्हणणारं मूल

पैगंबरांनी (स.) कधी अन्नाला नाव ठेवलं नाही. आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण अर्धी. एकदा त्यांच्यापुढे वाळवंटातल्या सरड्यासारख्या एका प्राण्याचं भाजलेलं मांस आलं, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद (र.) यांनी विचारलं, हे हराम आहे का? ते म्हणाले, नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हे नसतं, म्हणून मला ते नकोसं वाटतं. खालिद यांनी तिथंच, त्यांच्या देखत, ते खाल्लं. म्हणजे नको म्हणण्याची मुभा आहे, दुसऱ्यानं खाल्लं तर त्याला हसायचं नाही, आणि अन्नाला "छी" म्हणायचं नाही. माझ्या घरात हाच नियम आहे. एक घास चाखायचा, मग "मला नको" म्हणता येतं. "छी" म्हणता येत नाही.

नवी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कित्येक मुलं ती खायला लागतात. आपण तिसऱ्या वेळी हार मानतो. थोडी वाढा, मोठ्यांनी चवीनं खा, मुलानं सोडली तर काही बोलू नका, चार दिवसांनी पुन्हा करा. "भाजी खाल्ली तर गोळी देते" हे मात्र कधीच म्हणू नका. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे.

ज्या रूपात मुलाला आवडतं त्या रूपातून सुरुवात करावी. मटण आवडतं तर दुधी-गोश्त, अंबाडी-गोश्त, पालक-गोश्त करा. मटण कमी, भाजी जास्त. वरण आवडतं तर दालभाजी करा, पालक आणि चुका तुरीच्या डाळीत घोटून टाका. ज्वारीच्या पिठात बारीक चिरलेली मेथी आणि थोडं दही घालून धपाटे करा. शेवग्याची पानं वाळवून चुरा ठेवला तर तो कोणत्याही पिठात मिसळतो.

मात्र माझ्या मुलांना पालेभाजी खरी लागली ती पावसाळ्यात. शेजारच्या काकू पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं खुडायला जातात. मी पोट्ट्यांना त्यांच्याबरोबर पाठवलं. ओच्यात भाजी घेऊन आली, निवडायला बसली, लसूण सोलला. स्वतः खुडलेली भाजी स्वतः सोडेल असं मूल मी अजून पाहिलं नाही. तरोटा, चिवळ, कुंजर, केना या भाज्या ओळखणाऱ्या माणसाबरोबरच तोडा. आणि सोयाबीनमध्ये तणनाशक मारलेलं असेल तर त्या वावरातली किंवा धुऱ्यावरची भाजी अजिबात आणू नका. आधी वावरवाल्याला विचारा.

"ताट साफ कर" आणि पोटाचा तिसरा हिस्सा

इथं घरोघरी गोंधळ होतो. अन्न वाया घालवू नये, सांडलेला घास उचलून स्वच्छ करून खावा, हे आपण शिकवतो आणि ते बरोबर आहे. तिर्मिजी या हदीस-संग्रहात अशीही हदीस आहे की माणसानं भरलेलं सर्वात वाईट भांडं म्हणजे पोट. पाठ ताठ राहील एवढे घास पुरेत, आणि त्यापेक्षा जास्त खायचंच असेल तर एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी ठेवावा. आपण मुलाचं पोट भरलेलं असताना "ताट साफ कर" म्हणून घास कोंबतो, तेव्हा पहिली शिकवण पाळण्यासाठी दुसरी मोडतो. उपाय वाढण्यात आहे. मुलाला त्याच्या हातानं वाढून घेऊ द्या, आधी थोडं, हवं तर पुन्हा. उरलं तर तो घास रागावून खाऊ घालू नका, उद्या आणखी कमी घ्यायला सांगा. पाणी बसून, तीन घोटांत, भांड्यात श्वास न सोडता.

सासूबाई नातवाच्या मागं वाटी घेऊन अंगणभर फिरायच्या. मी त्यांना कधी अडवलं नाही. "अम्मा, तुमच्या हातचं तो दस्तरखानावर जास्त खातो" एवढंच म्हणाले. आता त्यांची जागा दस्तरखानावर त्याच्या शेजारी आहे.

तान्ह्यांबद्दल

सूरह बकराच्या 233व्या आयतीत आईनं पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे. डॉक्टरही दोन वर्षं आणि त्यापुढं पाजायला सांगतात. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने संपले की मऊ खिचडी, घोटलेलं वरण, नाचणीची पेज, तुपाचा थेंब.

मधाबद्दल कळकळीनं सांगते. मधात शिफा (आजार बरा करण्याचा गुण) आहे यावर आपला ईमान आहे, म्हणून बाळ जन्मलं की बोटानं मध चाटवतात. पण एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, मध कितीही शुद्ध असला तरी. तहनीकची, म्हणजे नवजात बाळाच्या टाळूला गोड लावण्याची, सुन्नत खजुराची आहे. ती करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, स्वच्छ हातानं, टाळूला नुसती गोडी लागेल इतकीच करा. मध पहिल्या वाढदिवसानंतर.

रमजान आणि रोझाकुशाई

बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, मुलावर रोझा फर्ज (बंधनकारक) नाही. सहाबियांच्या (पैगंबरांच्या साथीदारांच्या) काळात लहान मुलांना आशुराच्या (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या) रोझ्याची सवय लावताना, ती भुकेनं रडली तर लोकरीचं खेळणं हातात देत, असं हजरत रुबय्यि (र.) सांगतात. सवय अशी हळूहळू लागते. सहा-सात वर्षांच्याला दुपारपर्यंतचा चिडिया रोझा पुरे. रमजान ऐन उन्हाळ्यात येतो तेव्हा अकोला, चंद्रपूरकडे पारा 45च्या वर जातो. अशा उन्हाळ्यात फक्त रोझाकुशाईचे (मुलाच्या पहिल्या रोझ्याच्या समारंभाचे) फोटो काढायचे म्हणून लेकराला दिवसभर पाण्यावाचून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. चक्कर, ओकारी, लघवी न होणं यांपैकी काहीही झालं तर तिथंच पाणी पाजा.

इफ्तारीला खजूर, पाणी, मग काकडी किंवा डांगर (खरबूज). पैगंबर (स.) खजुराबरोबर काकडी खात. भजी रोज तळू नका, आणि तळणीचं काळं झालेलं तेल पुन्हा वापरू नका. ईदच्या दिवशी शीरखुर्मा पोटभर खाऊ द्या, त्या दिवशी मोजमाप नको.

शाळेची खिचडी, अंगणवाडीचा काटा

काही घरं मुलांना शाळेचा पोषण आहार खाऊ नको म्हणतात. तो शाकाहारी असतो, आणि कधी अंडं दिलं तर अंडंही हलालच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम असं प्रमाण ठरलेलं आहे, सोबत डाळ-भाजी असते. लहान मुलांना त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धरलेलं आहे. ते आपल्या लेकरांच्या हक्काचं आहे. चवीची तक्रार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा, तिथं आईंनाही बोलता येतं.

सहा वर्षांखालच्या मुलाचं वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून घ्या आणि कार्डावरची रेघ स्वतः पाहा. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर वाट पाहू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला सेविका फीत लावतात. 12.5 सेंटीमीटरच्या वर हिरवा, 11.5 ते 12.5 मध्ये पिवळा, 11.5च्या खाली लाल. लाल आला तर घरचा उपाय करत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. गरज असेल तर तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. मोठ्या मुलाच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्यांचे आतले भाग पांढुरके दिसले, ते माती किंवा खडू खात असलं किंवा खेळताना लवकर धापा टाकत असलं, तर रक्त तपासून घ्या. माझ्या मुलीला सहा महिने लोहाचं औषध घ्यावं लागलं, जेवण सुधारल्यावरही. औषध आणि ताट दोन्ही बरोबरच चालू ठेवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.